पितृपक्षातला प्रायमर

रिटायर झाल्यावर तुमचे मिस्टर काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगायची, गंज खरवडतात. लोक हसायचे. मला काही हसू यायचं नाही. घराच्या अंगालाच गॅरेज, त्यात दिवसभर पत्रा घासायच्या ग्राइंडरची किंकाळी, आणि भिंतीच्या ह्या बाजूला मी पोळ्या लाटतेय. मी पोळी तव्यावर टाकावी आणि तिकडे तो किंचाळावा. शेवटी शेवटी मी पोळ्या भाजताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले होते, म्हणजे बघा.

ज्या जुन्या गाडीचा गंज तो खरवडायचा, तिचं पुढे काय झालं असं सगळे विचारतात, म्हणून ते आधीच सांगून टाकते. झाली ती गाडी. निळी आहे, चालते, आणि उन्हाळ्यात कुठल्या तरी राउंडअबाउटवर हटकून बंद पडते. अमेरिकन असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी उजवीकडे बसते आणि लोकांना वाटतं मीच चालवतेय. मीही खुशाल हात करते. पण मला सांगायचंय ते दोन हजार चार सालच्या ऑक्टोबरातलं, गाडी चारचौघांत दाखवायच्या लायकीची नव्हती तेव्हाचं.

नवरा म्हणजे डॉ. गिरीश मेहेंदळे. कान-नाक-घशाचा सर्जन, सगळी नोकरी बर्मिंगहॅममध्ये गेली. मी त्याला नावानं हाक मारते. मिरजेहून नवी आले तेव्हा मीही अहो-जाहोच करायची. मग पहिल्याच ख्रिसमसला वॉर्डातल्या पार्टीला गेले, तर विशीतल्या नर्सेस ‘गिरीश, गिरीश’ करत त्याच्या प्लेटमध्ये ख्रिसमसच्या गोड करंज्या, मिन्स पाय, वाढतायत, आणि लग्नाची बायको कोपऱ्यातून म्हणतेय, अहो, ऐकलंत का! घरी परत येताना बसमध्येच मी ठरवून टाकलं, आजपासून हा गिरीश. तो म्हणाला, हरकत नाही, पण आईसमोर नको. रागावले की मात्र माझं अहो आपोआप बाहेर येतं, आणि ते ऐकलं की तो अजून दचकतो.

त्याचा हात काय होता, ते मी सांगून तुम्हाला कळायचं नाही. कानाच्या आत एक हाड असतं, ज्वारीच्या दाण्याहून लहान. मायक्रोस्कोपखाली ते काढायचं, त्या जागी दुसरं बसवायचं, आणि ऐकू न येणारा माणूस दुसऱ्या महिन्यात पक्षी ऐकत बागेत बसलेला. माझ्या बँकेच्या काउंटरवर म्हाताऱ्या बायका यायच्या, नावाची पाटी वाचायच्या आणि माझा हात धरून म्हणायच्या, तुझ्या नवऱ्यानं मला माझी नातवंडं ऐकवली, बॅब. इथं बाळ म्हणावं तसं सगळ्यांना बॅब म्हणतात. मी घरी येऊन सांगायची. तो म्हणायचा, हं, भाजीत मीठ कमी आहे.

आणि तोच हात. एका संध्याकाळी टीव्ही बघत बसलेला, उजवा हात मांडीवर, आणि अंगठा नि बोट एकमेकांवर फिरतायत. जपमाळेचे मणी ओढावेत तसे. मी थट्टेनं म्हटलं, काय रे, सगळं आयुष्य देवाला नावं ठेवलीस, आणि आता गुपचूप जप होय? त्यानं हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरची बायको आहे.

पार्किन्सन्स. ते नाव त्यानं घरात एकदाच घेतलं. निदान पक्कं झालं त्या दिवसापासून त्यानं सुरीला हात लावला नाही. हॉस्पिटलात सांगितलं, पुरे झालं आता, दुसऱ्यांना संधी देऊ या. त्यांनी मोठी पार्टी केली, भाषणं झाली, हा उजवा हात खिशात घालून उभा. आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणाले, नशीबवान आहात डॉक्टरसाहेब, लवकर सुटलात. आणि माझ्याकडून त्यानं वचन घेतलं, कुणालाही सांगायचं नाही. उर्वीला तर नाहीच नाही.

उर्वी आमची एकुलती एक. मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत, लग्न नुकतंच झालेलं, नवरा कुशल तिथलाच. मी म्हटलं, अरे, मुलगी आहे ती आपली, परकी आहे का? तर म्हणाला, अलका, मी जन्मभर पेशंटच्या मुलींचे चेहरे बघितलेत. बापाकडे बघण्याची त्यांची एक पद्धत असते. आवाज हळू होतो, मान कलते. उर्वीनं माझ्याकडे तसं बघितलेलं मला चालणार नाही. मी वचन दिलं.

ह्या रोगाची एक रीत आहे. हात कामात असला की कमी हलतो, रिकामा असला की जास्त. म्हणजे ज्यानं शांत बसायचं, त्यालाच शांत बसता येत नाही. गिरीशच्या पायाला भिंगरी लागली. कुंपण रंगवलं. माळा आवरला, दुसऱ्या दिवशी परत आवरला. माझा चांगला चालणारा मिक्सर खोलला आणि जोडल्यावर तो उलटा फिरायला लागला, चटणी झाकणाला. मी हात टेकले. आणि मग एके दिवशी ट्रकवर चढून ती मस्टँग आली.

एकोणीसशे एकोणसत्तरची. मिरजेच्या हॉस्टेलात बाकीची पोरं खाटेवर मधुबाला लावायची, तेव्हा ह्यानं एका अमेरिकन मासिकातून फाडून त्या गाडीचं चित्र लावलं होतं म्हणे. चित्रातली कशी होती मला माहीत नाही. माझ्या दारात आली ती हेरफर्डच्या कुठल्याशा शेतावर कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेली. सीटमध्ये पिसं, डिकीत शेवाळ, आणि तळाला एवढी भोकं की आत बसून पाय खाली सोडले असते तर जमिनीला टेकले असते. मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, अगंबाई, सवत आणली की काय तुझ्यावर! मी म्हटलं, सवत परवडली असती, निदान गंजकी नसती.

ह्या माणसानं तोवर गाडीचं चाकसुद्धा स्वतः बदललं नव्हतं, बरं का. पंक्चर झालं की रिकव्हरीवाल्याला फोन. पण गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि पहिला नियम सांगितला: ही माझी पेशंट. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जे करायचं ते मी करणार, माझ्या हातानं. ‘माझ्या हातानं’ म्हणताना तो थांबला, आणि मी दुसरीकडे बघितलं.

मग काय विचारता! वाचनालयातून पुस्तकं आली. कॉलेजात वेल्डिंगच्या क्लासला नाव घातलं. पहिले काही महिने पत्रा जोडण्यापेक्षा त्याला नवीन भोकं पाडणंच जास्त झालं, जुना पत्रा पातळ, ठिणगी लागली की विरून जायचा. ऑपरेशन थिएटरमधली निळी कॅप घालून तो गाडीखाली झोपायचा. हत्यारं ट्रेमध्ये हिरव्या कापडावर ओळीनं मांडलेली. मी ट्रे धरून उभी. हात बाहेर यायचा, न बघता, तळवा वर: ‘स्पॅनर.’ मी चुकीचा दिला की परत यायचा. एकदा मी त्या तळव्यावर लाडू ठेवला. थोड्या वेळानं गाडीखालून खाण्याचा आवाज आला.

असं वाटतं, बरं चाललं होतं की सगळं. बरं कुठलं! उर्वी महिन्या-दोन महिन्यांनी यायची, आणि ती आली की ह्याच्या हातात स्पॅनर असायचाच. हात कामात म्हणजे हात स्थिर, हे त्याचं गणित. जेवायलासुद्धा तो सगळ्यांच्या आधी उरकून घ्यायचा किंवा मागून बसायचा. ती गॅरेजच्या दारात उभी राहून ऑफिसचं सांगायची, कुशलचं सांगायची, आणि हा गाडीखालून ‘हं, हं’ करायचा. ज्या बापानं तिला खांद्यावर बसवून सगळा लिकी हिल्सचा डोंगर फिरवला, त्याचे तिला फक्त बूट दिसायचे. एकदा निघताना ती मला म्हणाली, “मम, बाबाला मी आले की नाही आले, काही फरक नाही पडत ना? कारच इंपॉर्टंट आहे त्याला.” मला भयंकर राग आला. तिच्यावर नाही, ह्याच्यावर. पण वचन दिलेलं. मी म्हटलं, तसं नाही गं, पुरुषांना वय झालं की असले छंद लागतात. माझंच मला पटलं नाही, तिला काय पटणार?

ती गेल्यावर मी भांडले. अहो म्हणून भांडले. तो म्हणाला, एकदा गाडी पूर्ण होऊ दे. रंगवून, घासून दारात उभी करतो, मग तिला सांगतो. म्हणजे ती आधी गाडी बघेल, मग हात बघेल. मला त्यातलं दुःख कळत होतं हो, पण राग काही जात नव्हता. गाडी आधी पूर्ण होते की हात आधी जातो, ह्या शर्यतीत मी रोज सकाळी उठत होते.

दोन हजार चारच्या सप्टेंबरात ती गाडी सगळी उघडी झाली. जुना रंग, फिलर, गंज, सगळं घासून काढलं. नुसता पत्रा, चकचकीत, घासलेल्या परातीसारखा. आता प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पहिला हात द्यायचा. हे मला पाठ झालं होतं, कारण त्यानंच हजारदा सांगितलं होतं: उघडा पत्रा ठेवायचा नाही अलका, विशेषतः ह्या देशात. घासलं की लगेच प्रायमर, नाहीतर दमट हवा दोन दिवसांत खेळ खलास करते. स्प्रे गन आली, मास्क आला, गॅरेजभर प्लॅस्टिक लागलं. उर्वी गणपतीला आली होती, तिनंही बघितलं. म्हणाली, “वॉव, बाबा, आरसा झाला की कार!” हा खूश झाला. स्पॅनर हातात होताच.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता म्हणून सगळे सण उशिरा. गणपती गेले तोवर इथं थंडी पडायला लागली, आणि पाऊस असा की थांबायचं नाव नाही. मी विचारलं, मग उद्या मारतोस का प्रायमर? तो पेपर वाचत होता. वर न बघता म्हणाला, “पितृपक्ष लागलाय. संपू दे.”

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी परत विचारलं. “पितृपक्षात नवीन काम सुरू करू नये,” तो म्हणाला. “लोक पाळतात ते उगीच नाही.”

आता हा माणूस कोण, ते सांगते. आमचं हे घर पितृपक्षात घेतलेलं. सासूबाई मिरजेहून फोनवर रडल्या होत्या, हा म्हणाला, त्या पंधरवड्यात कुणी घर बघायला येत नाही असं इथल्या एजंटला माहीत असतं तर घर अजून स्वस्त मिळालं असतं. अमावास्येला ऑपरेशनं केली. वडिलांच्या तिथीला सुट्टी घे म्हटलं तर म्हणायचा, ते शाळामास्तर होते, मुलानं कामावर दांडी मारलेली त्यांना आवडायची नाही. मंडळातल्या लीलावतीबाई, आमच्या सगळ्यांत वडील, सोवळ्याओवळ्याच्या कडक, त्यांचं नि ह्याचं दर गणपतीला वाजायचं. आणि तो माणूस आज मला सांगतोय, पितृपक्षात प्रायमर मारत नाहीत.

लीलावतीबाईंना कळलंच, त्यांना कळत नाही असं काही नसतं. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, “डॉक्टर, उशिरा का होईना, सुबुद्धी झाली. पितरांचा मान ठेवलात, गाडी तुम्हाला लाभेल हो.” लोकांनी माना डोलावल्या. आणि गिरीशनं, ज्यानं एरवी त्यांना तीन प्रश्न विचारून गप्प केलं असतं, त्यानं मान खाली घालून ते कौतुक घेतलं. मला ओरडावंसं वाटलं. काय ओरडावं ते मात्र कळेना.

ते कळलं दोन दिवसांनी. कचऱ्याचा डबा बाहेर काढायला मी शेडच्या मागे गेले, तिथं भिंतीशी एक जुना मोटारीचा दरवाजा तोंड फिरवून ठेवलेला. भंगारातून सरावासाठी आणलेला. मी तो वळवला. त्यावर प्रायमरचा करडा रंग होता. सुरुवातीला दोन पट्टे सरळ. तिसरा मध्येच जाड झालेला, कारण हात तिथं अडकला असणार, रंगाचे ओघळ खालपर्यंत गेलेले. पुढचा नागमोडी. मग एक अर्धवट. मग काहीच नाही, नुसता दरवाजा. हे पितृपक्षाच्या आधीच केलेलं, कारण त्यावर पावसानं उडालेल्या मातीचा आठ-दहा दिवसांचा थर बसला होता. स्पॅनर घट्ट धरता येतो, ग्राइंडर दाबून धरता येतो. पण स्प्रे गन हलकी धरून एका लयीत सरळ न्यायची असते, आणि ते आता त्याला जमत नव्हतं. मी दरवाजा होता तसा ठेवला. पावसात उभी राहून थोडी रडले, मग डबा ढकलत पुढे नेला.

ते दिवस कसे गेले, विचारू नका. तो गॅरेजमध्ये पाऊल टाकेना. घरात मात्र वर-खाली, वर-खाली. वर्तमानपत्र उघडायचं, मिटायचं. खिडकीपाशी जायचं, परत यायचं. त्या हाताला आता कामच नव्हतं, तो कोटाच्या खिशात असला तरी खिसा हलायचा. मी रात्रंदिवस पावसाचा आवाज ऐकत होते आणि मनात म्हणत होते, भिंतीपलीकडे तो पत्रा उघडा आहे. एकदा न राहवून म्हटलं, झाकून तरी ठेवू या का काही? “हात लावू नकोस!” असा ओरडला की मीच दचकले. नंतर येऊन सॉरी म्हणाला. चुकूनही सॉरी म्हणणारा माणूस नव्हे तो, त्यानं मला अजूनच भीती वाटली.

सर्वपित्री झाली, घट बसले. त्या शनिवारी उर्वी न कळवता आली. वेम्बलीला गेली होती म्हणे, येताना तिथल्या ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांतून माझ्यासाठी झेंडूची फुलं आणि कढीलिंब घेऊन. पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि सरळ गॅरेजकडे गेली. मी मागे धावले. गिरीशही जिन्यावरून उतरला. गॅरेजचं दार वर गेलं.

गाडी भगवी झाली होती. बॉनेट, छप्पर, दारं, एक बोटभर जागा सुटली नव्हती. वर्षभर घासलेला पत्रा, आणि त्यावर गंजाची बारीक भगवी पूड. उर्वीनं बोट फिरवलं, बोट रंगलं.

“बाबा, कार सगळा ऑरेंज झालाय! व्हॉट हॅपन्ड? प्रायमर का नाही लावला?”

“पितृपक्ष होता,” गिरीश म्हणाला.

ती हसली. खळखळून हसली, तिला वाटलं बाबानं जोक केला. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हसू थांबलं. मंडळातल्या पन्नास माणसांनी जे निमूट मानलं, ते ह्या पोरीला एका क्षणात खोटं वाटलं. असणारच. वाढली कुणाच्या घरात?

“बाबा, तू पितृपक्ष मानत नाही,” ती हळूच म्हणाली. “माझा बर्थडे पार्टी पितृपक्षात आला होता. मी एट होते. लीलावती आजी म्हणाली, नका करू. आणि तू म्हणालास, मेलेल्या लोकांना केक आवडत नाही हे कुणी ठरवलं? तू त्यांच्यासाठी एक स्लाइस पण ठेवलास.”

“माणूस बदलतो.”

“तू नाही बदलत.” तिचा आवाज चढला. “काय झालंय? मी काय केलं का? दोन वर्षं तू माझ्याशी नीट बोलला नाहीस. मी येते, तू कारच्या खाली. मी बोलते, तू स्पॅनर. डॅड, आय ड्राइव्ह ऑल द वे, आणि मी तुझे शूजशी बोलून परत जाते!”

“जा घरात,” गिरीश म्हणाला. “दोघीही जा. मला काम आहे.” आणि त्यानं सँडपेपर उचलला आणि त्या भगव्या बॉनेटवर घासायला लागला, असा घासायला लागला की भिंतीवरचं प्लॅस्टिक थरथरलं.

उर्वी आत आली, कोट चढवला, किल्ली शोधायला लागली. डोळे पुसत शोधत होती म्हणून सापडत नव्हती. माझ्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. अगं, त्याचा हात बघ एकदा, एवढं म्हटलं की झालं. पण वचन. मी तिला म्हटलं, पाच मिनिटं थांब, कढीलिंब आणलायस तर निदान चहा घेऊन जा. कढीलिंबाचा नि चहाचा काय संबंध, मलाही माहीत नाही. आधण ठेवलं आणि गॅरेजमध्ये गेले.

“अहो,” मी म्हटलं.

त्याचा सँडपेपर थांबला.

“अहो, ती निघालीय. मी वचन मोडणार नाही, घाबरू नका. पण आज तुम्ही तिला सांगितलं नाहीत, तर ती जन्मभर असं समजेल की बापाला मुलीपेक्षा पत्रा प्यारा होता. आणि तो पत्राही गंजलेला.”

“तिच्या डोळ्यांत मला पेशंट व्हायचं नाहीये, अलका.”

“मग आत्ता कोण आहात तिच्या डोळ्यांत?” मी म्हटलं. “परके आहात. पेशंट परवडला. पेशंटला निदान लोक भेटायला येतात.”

सँडपेपर हातात तसाच, आणि हात आता काम करत नव्हता म्हणून तो हलत होता, आणि त्या कागदाची पत्र्यावर बारीक खरखर चालू होती. मी तिथं थांबले नाही. मला भीती होती की थांबले तर मी त्याची बाजू घेईन.

आत उर्वीला किल्ली सापडली होती. ती दाराशी उभी, बसायला तयार नाही. मी तिघांचे कप भरले. रोजच्यासारखे काठोकाठ, कारण आमच्याकडे चहा अर्धा देण्याची पद्धत नाही, अर्धा कप म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं. तेवढ्यात मागचं दार वाजलं. गिरीश आला. हात धुतले नव्हते, भगवी पूड मनगटापर्यंत. टेबलाशी बसला, उर्वीच्या बरोब्बर समोरच्या खुर्चीवर. कपाकडे बघत राहिला.

“अलका,” तो म्हणाला, “हा कप अर्धा कर.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“भरलेला कप मला आता उचलत नाही. सांडतो.” त्यानं उर्वीकडे बघितलं. “हात हलतो माझा. म्हणून प्रायमर मारला नाही. पितरांना कशाला मध्ये घालू, त्यांचा काय दोष?”

आणि त्यानं उजवा हात टेबलाखालून काढून टेबलावर ठेवला, उघडा, तिच्यासमोर. तो हलत होता. बशीतला चमचा वाजायला लागला. त्यानं तो दाबला नाही, लपवला नाही, तसाच राहू दिला.

उर्वी बघत राहिली. मी तिच्या मानेकडे बघत होते, कलते की काय म्हणून.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

“दोन वर्षं.”

“ममला माहिती होतं?”

“मी तिला बोलू दिलं नाही.”

ती कोट न काढताच खुर्ची ओढून बसली. “तू महामूर्ख आहेस, बाबा,” ती म्हणाली, मोठ्यानं, रागानं, तोंडावर, आणि मराठीत. आवाज हळू झाला नाही. मान सरळ होती.

मग मी पुढे होण्याआधीच तिनं हात लांब करून त्याचा कप उचलला, त्यातला अर्धा चहा घटाघट स्वतः प्यायली, आणि उरलेला त्याच्यासमोर ठेवला.

“घे,” ती म्हणाली.